कुत्रा पाळणाऱ्यांचे प्रश्न: पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न: मुलांनी सैबेरियन हस्की आणण्याचा हट्ट धरला आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. विश्रामबागेतील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो ठेवता येईल का? (एक वाचक, सांगली)

ठेवता येईल, पण ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ही जात कडाक्याच्या थंडीत बर्फावरून गाडी ओढण्यासाठी तयार झाली. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि सांगलीचा एप्रिल-मे तिला सोसत नाही. शिवाय दिवसभर कोंडलेला कुत्रा भुंकतो, सोफा फाडतो आणि बोल मात्र त्यालाच लागतो. मुलांचा उत्साह फार तर सहामाहीपर्यंत टिकेल. पुढची दहा-बारा वर्षे पहाटे पट्टा हातात घेऊन जिना उतरण्याची पाळी तुमच्यावरच येणार आहे. एवढी तयारी असेल, तर एखादे देशी पिल्लू आणावे.

प्रश्न: आमच्या मळ्यातला कारवानी कुत्रा दिवसभर साखळीला असतो, रात्री राखणीसाठी सोडतो. हल्ली तो ओळखीच्या माणसांवरही धावून जातो. काय करावे? (एक शेतकरी, जत तालुका)

कारवानी हा सशामागे धावणारा शिकारी कुत्रा आहे. त्याला हातभर साखळीत दिवस काढायला लावल्यावर तो चिडका होणारच. अशा कुत्र्यांना तपासताना पट्टा सरकवला की मानेवरचे केस झडलेले आणि कातडी घट्टे पडल्यासारखी जाड झालेली दिसते. ते पाहिल्यावर स्वभावाबद्दल वेगळे विचारावे लागत नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळे पळवावे, दुपारी सावली आणि पाणी त्याच्या आवाक्यात असावे आणि बांधण्याऐवजी शक्य तेथे जाळीचे कुंपण घालावे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. दुसरीकडे, रात्री सोडलेला कुत्रा वाटसरूला चावला तर ‘तो राखणीचा आहे’ ही सबब चालत नाही: माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र स्वभाव अचानक बदलला असेल, तर आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. कानाचे किंवा सांध्याचे दुखणेही कुत्र्याला चावरे करते, आणि लस चुकली असेल तर रेबीजची शंकाही घ्यावी लागते.

प्रश्न: दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात नातवाला लागून रक्त आले. शेजारी चुना लावायला सांगतात. (एक आजी, मिरज)

चुना, हळद, तिखट यांपैकी काहीही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी नातवाला सरकारी रुग्णालयात न्यावे. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, म्हणजे तुमचे पिल्लू अजून असुरक्षित आहे. रक्त आले असल्याने लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु नातवाचे उपचार त्यासाठी थांबवू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

प्रश्न: पुराच्या वेळी कुत्र्याचे काय करावे? (एक वाचक, सांगली गावठाण)

२०१९ चा महापूर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेने चाळीस फुटांची इशारा पातळी गाठली, की कुत्र्याची सोय तेव्हाच लावावी. पंचेचाळीस फुटांची धोका पातळी येईपर्यंत घरच्यांचीच धावपळ सुरू झालेली असते. उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाशी पावसाळ्यापूर्वीच बोलून ठेवावे. बरोबर लसीकरणाची वही, चार दिवसांचे खाणे, पट्टा आणि तोंडाला बांधण्याची जाळी घ्यावी. काही केल्या नेता आले नाही, तर किमान साखळी सोडून त्याला गच्चीवर न्यावे. बांधलेल्या कुत्र्याला पोहताही येत नाही. पाणी ओसरल्यावर त्याला साचलेल्या पाण्यातून फिरवू नये, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही जडतो. या रोगाची लस बहुतेक नेहमीच्या एकत्रित लशीत असते, पण तिचा परिणाम वर्षभरच टिकतो. त्यामुळे वार्षिक डोस मे महिन्यातच उरकून घ्यावा.