भाकरी चालते, पण किती?

प्रश्न: आम्ही सोलापूरचे, आईचं वय ७२, उपाशीपोटी शुगर १६० आली तेव्हापासून तिने भात सोडला, पण ज्वारी चालते म्हणून तीन-तीन भाकरी खाते, तरी शुगर उतरत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, ज्वारी चांगलीच, पण तिच्यातही पिठूळ भाग भरपूर असतो, तीन जास्तच होतात. आधी काकडी, मेथी, वाटीभर मटकीची उसळ आणि मग एकच भाकरी, शेंगाचटणी चमचाभर. जेवल्यावर अंगणात पंधरा मिनिटं चालू द्या. मात्र रात्रीचं जेवण चुकवू देऊ नका हो, शुगरची गोळी घेऊन उपाशी झोपलं की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम सुटतो, हात थरथरतात, लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.