जागतिक बँकेचा पैसा आणि आपली झेडपीची शाळा

प्रश्न: ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. गुरुजींच्या ट्रेनिंगमध्ये 'स्टार्स'चं, म्हणजे शाळांमधलं शिकवणं सुधारायच्या सरकारी योजनेचं, नाव निघतं, त्यात जागतिक बँकेचा पैसा आहे म्हणे. गावात दोन तट पडलेत, एक म्हणतात परदेशातून फुकट मिळतंय तर घ्या ना, दुसरे म्हणतात पैसा त्यांचा म्हणजे पोरांनी काय शिकायचं तेपण तेच ठरवणार. खरं काय?

उत्तर: भाऊ, फुकट काहीच नाही. स्टार्समधला बँकेचा पैसा कर्ज आहे. २०२० मध्ये महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, हिमाचल, केरळ आणि ओडिशा या ६ राज्यांसाठी ते मंजूर झालं, एकूण ५७१८ कोटी, त्यातले ३७०० कोटींच्या आसपास बँकेचे, बाकी राज्यांचे, आणि बँकेचे पैसे व्याजासकट फेडायचे तुम्हीआम्हीच, ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकतो त्यावरच्या टॅक्समधूनसुद्धा.

दुसऱ्या तटाचं म्हणणं अर्धं खरं. पुस्तकात काय छापायचं ते बँक ठरवत नाही. पण हप्ता कधी सुटतो बघा, ठरलेले रिझल्ट दिसले की. मग वरपासून खालपर्यंत सगळे जे मोजता येतं त्याच्याच मागे लागतात. पहिलीतलं पावरा आदिवासी पोरगं घरी त्यांची पावरी बोली बोलतं, शाळेत त्याला मराठीत विचारलं की ते गप्प, आणि कागदावर लागते नोंद, वाचता येत नाही. हे मला फार लागतं, कारण ते पोरगं घरी आजीला अख्खी गोष्ट सांगतं.

शाळेत बाहेरचा पैसा येणं काही आज सुरू झालेलं नाही. १९९१ ला देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट होता, बाहेरून कर्ज घ्यावं लागलं, आणि १९९४ ला डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, जागतिक बँक, युरोपियन कमिशन, ब्रिटन, नेदरलँड्स यांच्या पैशातून. पुढे आमचा धुळे जिल्हाही त्यात आला, नंदुरबार तेव्हा वेगळा नव्हता झाला. शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. माझी आई शिरपूर तालुक्यात शिक्षिका होती, लाइट गेली की कंदिलाजवळ बसून पुठ्ठ्यावर अक्षरं काढायची आणि चिंचोके रंगवून डब्यात भरायची, दहा-दहाच्या पुड्या बांधून. पैसा थोडाच, पण काय बनवायचं ते तिचं ती ठरवायची, म्हणून वर्गात ते रोज वापरात होतं.

२००३ मध्ये आपल्या सरकारने बऱ्याच छोट्या देणगीदार देशांना मदत नको म्हणून कळवलं, २००४ ला करावर स्वतःचा २ टक्के शिक्षण सेस, म्हणजे शिक्षणासाठीचा जादा कर लावला. म्हणजे नाही म्हणता येतं. मला तरी पैसा कुठून आला यापेक्षा तो कुठे खर्च करायचा हे कोण ठरवतं, तो प्रश्न मोठा वाटतो.

शिक्षण हक्काच्या, म्हणजे आरटीई कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेला आलेलं अनुदान कसं वापरलं जातं हे बघणं तुमच्या समितीचंच काम आहे. पुढच्या मीटिंगला हिशोब मागा, आणि पावरी बोलणाऱ्या पोरांसाठी त्यातून काय आलं तेपण विचारा, जे उत्तर मिळेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.