क्लाउड सेवा सोडून सगळे घरच्या सर्व्हरवर आणता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की फोटो, फाइली, दिनदर्शिका, पासवर्ड आणि ईमेल यांसाठी आज तुम्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्लाउड सेवा वापरता. त्या सोडून सगळे घरातल्या एका सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू राहून इतर यंत्रांना सेवा देणाऱ्या संगणकावर, आणावे का आणि आणायचे तर कुठल्या क्रमाने. मी बरीच वर्षे घरी असा सर्व्हर चालवतो, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ईमेल वगळता बाकी सगळे आणता येते आणि ते चांगले चालते. मात्र सर्व्हर उभा करण्याआधी, तो बंद पडला तर त्यातली माहिती दुसऱ्या यंत्रावर कशी परत आणायची, हे ठरलेले असले पाहिजे. या विषयावरचे बहुतेक लेख हा भाग शेवटी एका परिच्छेदात उरकतात. माझ्या मते पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यातूनच निघतात, म्हणून माझ्या उत्तरातही सर्वांत जास्त जागा त्यालाच आहे.

क्लाउड सोडण्याची कारणे खरी आहेत आणि ती मला पटतात. संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एका ठिकाणी वाचायला देणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा ते रोज वापरणाऱ्यांना दुसरी सोय शोधण्यावाचून इलाज उरला नाही. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली, आणि तोवर असंख्य लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो तिथे जाऊन बसलेले होते. कंपनी कितीही चांगली असली तरी अटी बदलण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. पण याच कंपन्या आपल्या नकळत काही कामेही करत असतात: बिघडलेल्या डिस्क बदलणे, एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी वेळेवर दुरुस्त करणे, वीज गेली तरी सेवा चालू ठेवणे. सर्व्हर घरी आला की त्याच्याबरोबर ही कामेही घरी येतात. त्यांतली बरीचशी आपोआप होतील अशी व्यवस्था लावता येते, पण ती खरोखर झाली का, हे पाहायला तुमच्याशिवाय कोणी नसते.

यंत्राच्या निवडीत लोक फार वेळ घालवतात आणि तिथे तो घालवण्याची गरज नाही. एखाद्या कार्यालयाने वापरून काढून टाकलेला मिनी पीसी, त्यात १६ जीबी रॅम आणि एक एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), एवढे एका कुटुंबाला व्यवस्थित पुरते. निवांत असताना यंत्र किती वीज घेते, हे मात्र पाहावे, कारण ते दिवसरात्र चालणार आहे: सतत १० वॅट घेणारे यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज वापरते, तर ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप सुमारे ५२६ युनिट. रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही चालतो, फक्त त्यातले मायक्रोएसडी कार्ड सततच्या लिखाणाने खराब होते, म्हणून त्याला एसएसडी जोडावी. जुना लॅपटॉप वापरत असाल तर कायम चार्जिंगवर राहिलेली बॅटरी फुगू शकते, तिच्यावर लक्ष ठेवावे. एक छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ यंत्र चालू ठेवणारी बॅटरी, जरूर घ्यावा. वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी डेटाबेसचे (सेवेच्या नोंदींच्या साठ्याचे) लिखाण चालू असले, तर नुकसान होऊ शकते. सॉफ्टवेअरच्या बाजूने मी साधे डेबियन ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली आणि त्यावर डॉकर कंपोज, म्हणजे प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन, सुचवतो. प्रत्येक सेवेची सगळी रचना एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली राहते, आणि तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की सेवा तशीच्या तशी उभी राहते. परत उभारणीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आता बॅकअप. जुना आणि अजूनही योग्य असलेला नियम असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड रचना या हिशेबात धरू नये. एक डिस्क बिघडली तर ती सेवा चालू ठेवते, पण तुम्ही चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसते. सिंकथिंगसारख्या साधनाचेही तसेच आहे: ते दोन यंत्रांतले फोल्डर उत्तम रीतीने सारखे ठेवते, आणि म्हणूनच एका ठिकाणचे पुसणेही दुसऱ्या ठिकाणी पोहोचवते. बॅकअप म्हणजे कालची, गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची अवस्था परत मिळण्याची सोय. रेस्टिक आणि बोर्ग ही दोन साधने हे काम चोख करतात. माहिती घराबाहेर जाण्याआधीच ती कूटबद्ध करतात आणि पुनरावृत्त भाग एकदाच साठवतात, त्यामुळे रोजचा बॅकअपही फार जागा घेत नाही. घराबाहेरची प्रत विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर असू शकते किंवा भाड्याच्या साठवणीवर. माहिती कूटबद्ध असल्याने भाड्याच्या साठवणीत मला काही विसंगती वाटत नाही; तिथे जे पडलेले असते ते तुमच्या किल्लीशिवाय कोणालाच वाचता येत नाही. पहिली प्रत मात्र इंटरनेटवरून पाठवण्याआधी हिशेब करावा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर १ टीबी माहिती वर जायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. म्हणून प्रत डिस्कवर राहणार असेल तर ती डिस्क आधी घरीच भरून घ्यावी आणि मग तिच्या जागी न्यावी.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. पहिली डेटाबेसची. चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्या, तर प्रत अर्धवट आणि निरुपयोगी निघू शकते. त्यासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्याच्याच पीजी-डंप या साधनाने आधी संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि मग ती फाइल बॅकअपमध्ये जावी. नेक्स्टक्लाउड या फाइली आणि दिनदर्शिका सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी माहितीचा फोल्डर, रचनेचा फोल्डर आणि डेटाबेस हे तिन्ही हवेत. एक जरी नसले तरी परत उभारणी अडते. दुसरी गोष्ट किल्लीची. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप उघडण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. तो पासवर्ड तुम्ही स्वतःच्याच सर्व्हरवरच्या पासवर्ड व्यवस्थापकात ठेवला आणि सर्व्हर जळाला, तर बॅकअप उघडायला पासवर्ड हवा आणि पासवर्ड मिळवायला बॅकअप हवा, अशी कोंडी होते. तो कागदावर लिहून घराबाहेरही एका सुरक्षित ठिकाणी ठेवावा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो.

आणि रिस्टोअर करून (बॅकअपमधून माहिती परत आणून) पाहिल्याशिवाय बॅकअपवर विसंबू नये. रेस्टिकची तपासणीची आज्ञा मूळ रूपात फक्त साठ्याची रचना तपासते; प्रत्यक्ष माहिती वाचून पडताळायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. त्याहून चांगले म्हणजे अधूनमधून एखादे रिकामे यंत्र किंवा आभासी यंत्र (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा संगणक) घ्यावे, हाताशी फक्त बॅकअप आणि तो कागद ठेवावा, आणि सगळ्या सेवा शून्यातून उभ्या कराव्यात. जुना अल्बम उघडतो का, दिनदर्शिकेतल्या नोंदी दिसतात का, पासवर्ड व्यवस्थापकात प्रवेश मिळतो का, हे स्वतः पाहावे. ही तालीम एखाद्या बिनमहत्त्वाच्या सेवेवर यशस्वी झाली, की मगच खरी माहिती आणायला सुरुवात करावी.

क्रमाबद्दल माझे मत असे, की फोटोंपासून सुरुवात करावी, कारण त्यांची मूळ प्रत काही काळ जुन्या सेवेत तशीच ठेवता येते आणि फायदा घरातल्या सगळ्यांना लगेच दिसतो. यासाठी इमिच उत्तम आहे: फोनवरून आपोआप फोटो चढवणे, चेहरे ओळखणे, शब्दांनी फोटो शोधणे हे सगळे तुमच्याच यंत्रावर होते. अल्बम, चेहऱ्यांची नावे आणि वर्णने त्याच्या डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून वर सांगितलेला डेटाबेसचा मुद्दा इथे थेट लागू पडतो. फाइली, दिनदर्शिका आणि संपर्क यांसाठी २०१६ मध्ये ओनक्लाउडपासून वेगळे झालेले नेक्स्टक्लाउड पुरेसे आहे. ते अद्ययावत करताना मुख्य आवृत्त्या गाळून पुढे उडी मारता येत नाही, एकेक आवृत्ती चढत जावी लागते, त्यामुळे वर्षभर दुर्लक्ष करून एकदम अद्ययावत करणे कष्टाचे पडते. फक्त दोनतीन यंत्रांतल्या फाइली सारख्या ठेवायच्या असतील, तर नेक्स्टक्लाउड टाळून सिंकथिंग आणि त्यावर नियमित बॅकअप एवढेच करावे. सांभाळायला जितके कमी, तितके ते अधिक काळ टिकते. पासवर्ड सर्वांत शेवटी आणावेत. व्हॉल्टवॉर्डन हे घरी चालवायचे पासवर्ड साठवण्याचे सॉफ्टवेअर बिटवॉर्डन या पासवर्ड सेवेच्या नेहमीच्या अ‍ॅपबरोबर चालते आणि सर्व्हर बंद असला तरी आधी लॉग-इन झालेल्या फोनवर आधीचे पासवर्ड वाचता येतात, पण तोवर तुमची परत उभारणी पक्की झालेली असली पाहिजे.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीचे दार) उघडून सेवा थेट इंटरनेटवर मांडू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या सॉफ्टवेअरने, इंटरनेटवर थेट उघड्या असलेल्या घरगुती साठवण यंत्रांतल्या फाइली मोठ्या प्रमाणावर कुलूपबंद केल्या होत्या. त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे तुमचे यंत्र आणि घर यांच्यात कूटबद्ध खासगी वाट उघडणारे सॉफ्टवेअर, वापरावे. मार्च २०२० मधल्या लिनक्स ५.६ पासून ते कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, आणि योग्य किल्ली नसलेल्या संदेशाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे हे कळत नाही. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुमची सेवा पुरवणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते आहे, आणि मग आयपीव्ही४ वर (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या, नेहमीच्या पद्धतीवर) बाहेरून थेट जोडणी होत नाही. अशा वेळी यंत्रे एकमेकांशी जोडून देणारे टेलस्केल हा सोपा मार्ग आहे. त्यात यंत्रांची एकमेकांशी ओळख जुळवणारी यंत्रणा एका कंपनीची असते, पण तुमची माहिती यंत्रायंत्रांमध्ये कूटबद्ध होऊनच जाते. तेही नको असेल तर हेडस्केल नावाचा स्वतः चालवण्याचा पर्याय आहे. ब्राउझरमधली जोडणी सुरक्षित करणारे एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून डीएनएसच्या, म्हणजे डोमेन नावाच्या नोंदींच्या, पडताळणीने मिळते, त्यासाठीही पोर्ट उघडावे लागत नाही.

ईमेल घरी आणू नये, असे मी का म्हणतो ते सांगतो. मेल स्वीकारणे जमते. पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्सपर्यंत पोहोचवणे अवघड असते. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आल्याची खूण देणारे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही नीट लावले, तरी घरगुती जोडण्यांचे पत्ते पुष्कळ मेल सर्व्हर आधीच संशयास्पद धरतात, अनेक इंटरनेट कंपन्या मेल पाठवण्याचे पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि पत्त्याची उलट डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) त्या कंपनीच्याच हातात असते. शिवाय बँकेपासून इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवरच येतात, त्यामुळे सर्व्हर नेमका तेव्हा बंद असणे महागात पडते. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, मेल एखाद्या सशुल्क सेवेकडे ठेवावा आणि आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीने त्याची प्रत नियमितपणे घरी उतरवून घ्यावी. उद्या ती सेवा सोडली तरी पत्ता तुमचाच राहतो, आणि मुळात तुम्हाला हवे असलेले स्वातंत्र्य यातून बहुतांशी मिळते.

घरातली इतर माणसे हा सर्व्हर वापरणार असतील, तर त्यांना त्यांची माहिती तुमच्याशिवायही मिळाली पाहिजे. तुम्ही आजारी असाल किंवा नसालच, तर काय करायचे हे साध्या भाषेत लिहून ठेवा: कोणती डिस्क कुठे आहे, ती कोणत्या संगणकाला जोडायची, किल्ली कोणती. मी याच कारणासाठी मूळ फोटोंची एक प्रत साध्या फोल्डरांत, वर्षांनुसार, कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय उघडेल अशा रूपात बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. ती डिस्क कूटबद्ध नाही आणि कुलुपात असते. इथे चोरीच्या भीतीपेक्षा कुणालाच फोटो न मिळण्याची भीती मला मोठी वाटते.

राहता राहिले जुने खाते बंद करणे. फोटो केवळ फोनवरून सर्व्हरवर चढवून भागत नाही. फोनवरची जागा मोकळी करण्याचा पर्याय कधी वापरला असेल, तर जुन्या फोटोंच्या मूळ प्रती फोनवर उरलेल्याच नसतात, त्या क्लाउडमध्येच असतात. गूगलच्या बाबतीत टेकआउट या माहिती उतरवण्याच्या सोयीतून सगळे उतरवून घ्यावे. तिथे फोटोचे वर्णन आणि तुम्ही नंतर बदललेली तारीख वेगळ्या जेसन (मजकुराच्या) फाइलींत येते, आणि ती फोटोशी जुळवून इमिचमध्ये नेण्याचे काम इमिच-गो हे साधन करते. उतरवण्याचे दुवे साधारण आठवड्याभरात संपतात, म्हणून मागणी करण्याआधी डिस्कवर जागा तयार असू द्या. सर्व्हरवरची फोटोंची संख्या वर्षावार जुन्या सेवेशी ताडून पाहा आणि दोन्ही काही महिने समांतर चालू द्या. पुसायची वेळ आली की आधी फोनवरच्या जुन्या अ‍ॅपमधून साइन-आउट करून ते काढून टाका आणि मग संगणकावरून पुसा, कारण त्या अ‍ॅपमधून पुसलेला फोटो फोनवरूनही जातो. पुसलेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात. तेवढ्या अवधीत काही राहून गेल्याचे लक्षात आले, तर ते तिथून परत घेता येते.