कोलायडरच्या (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या) आलेखात अनपेक्षित उंचवटा दिसला, तर नवा कण सापडला असे समजावे का?

नाही, एवढ्यावरून तसे समजू नये. डिसेंबर 2015 मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना 750 जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) आसपास फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या, त्यावर शेकडो शोधनिबंधही निघाले, आणि ऑगस्ट 2016 मध्ये अधिक माहिती हाती येताच तो उंचवटा विरून गेला. नांदेडला एम.एस्सी.च्या वर्गात मी याचे कारण असे सांगतो: मराठवाड्यातल्या शेकडो महसूल मंडळांपैकी एखाद्याच्या पर्जन्यमापकात कधीतरी विक्रमी पाऊस नोंदला जाणारच, तसेच आलेखात असंख्य ठिकाणी शोधले की कुठेतरी योगायोगाचा फुगवटा निघतो. म्हणून पाच सिग्माची अट असते, म्हणजे असा फुगवटा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक इतकी कमी असावी लागते. मात्र ती योगायोगाची शंका मिटवते, उपकरणातल्या दोषाची नाही. 2011 मधले ऑपेरा प्रयोगाचे ‘प्रकाशापेक्षा वेगवान’ न्यूट्रिनो (अतिशय हलके मूलकण) ही अट ओलांडूनही सदोष केबल-जोडणीमुळे खोटे ठरले.