फाउंडरने क्लॅरिटीसाठी सायकेडेलिक रिट्रीट करावी का, की विपश्यनाच बरी?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, स्वतःची कंपनी, झोप उडालीय, आणि लिंक्डइनवर जो तो नेदरलँड्सला नाहीतर पेरूला जाऊन, सायकेडेलिक म्हणजे भास घडवणारं काहीतरी घेऊन, बदलून आलाय, तर आपणही जावं का. मी इथे सहसा वाचून पुढे जाते, पण हा विषय माझ्या फार जवळून गेलाय त्यामुळे लिहितेय, लांब होईल.

माझं मत आधीच सांगते. त्या अनुभवातून माणूस नवा निर्णय घेऊन येत नाही, मनात आधीपासून असलेला निर्णय पक्का करून येतो. आणि मग त्यावर कुणाशी बोलायची सोय राहत नाही.

आमचं सॉफ्टवेअर द्राक्ष एक्सपोर्टर्सच्या पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेजसाठी, गिऱ्हाईक सगळं पिंपळगाव, दिंडोरी, निफाड पट्ट्यातलं. पार्टनर माझा कॉलेजचा मित्र. सीझन तोंडावर आलेला असताना तो नेदरलँड्सला ट्रफल रिट्रीटला गेला (तिकडे नशेचे मशरूम २००८ पासून बंद आहेत पण ट्रफल, म्हणजे त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी, यादीत नाहीत म्हणून चालतात, असा सगळा प्रकार). परत आला तेव्हा चेहरा खरंच उजळ दिसत होता. वडिलांशी त्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, विमानतळावरूनच त्यांना फोन केला, आजही ते दोघं नीट बोलतात. हे मी कधीच नाकारलं नाही, त्याच्या बायकोला विचारा.

पण सोमवारी मीटिंगमध्ये त्याने डायरी उघडली. एक्सपोर्टर लोक ट्रान्झॅक्शनल आहेत, त्यांचं प्रॉडक्ट बंद करायचं. प्रत्येकाने आपला पगार आपण ठरवायचा. कंपनीला आता श्वास घेऊ द्यायचा. जानेवारी तोंडावर, कंटेनर लागायला सुरुवात होणार, आणि हा श्वास घेऊ द्या म्हणतोय. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, एकाने तर हळूच विचारलं की सर म्हणजे नक्की किती पगार लिहायचा. शेवटी आमचे अकाउंटवाले काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे साहेब, पण वीस तारखेच्या आत जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरायचाय आणि डिजिटल सहीचा डोंगल तुमच्या बॅगेत आहे." माझ्या मते त्या दिवशी त्या खोलीत जागा असलेला माणूस तो एकच.

आता मुद्दा असा की यातलं एकही वाक्य नवीन नव्हतं. एक्सपोर्टर पैसे उशिरा देतात, रात्री दोनला गाडी अडकली की फोन ह्यालाच, याला तो आधीपासून वैतागलेला होता आणि त्याचं चूक नव्हतंच. पण जायच्या आधी तो म्हणायचा "मला कंटाळा आलाय". त्यावर बोलता यायचं, रात्रीच्या सपोर्टला माणूस ठेवू, पेमेंट टर्म बदलू, काहीतरी मार्ग निघायचा. आल्यावर म्हणायला लागला "मला दिसलं". दिसलं म्हटल्यावर पुढे काय बोलणार? मी एक्सेल दाखवली तर म्हणे तू भीतीतून बोलतेयस.

यामागे थोडं विज्ञानही आहे. २०१५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांनी छोटा प्रयोग केला होता, त्यात एलएसडी या सायकेडेलिक ड्रगखाली माणूस सूचनेला नेहमीपेक्षा जास्त लवकर वश होतो असं दिसलं. आणि रिट्रीटमध्ये सकाळी गोल बसवून विचारतात काय की आयुष्यातलं काय सोडून द्यायचंय! माणूस धंदा नाहीतर नवरा-बायको यातलंच काहीतरी सांगणार ना. मायक्रोडोसिंगचंही, म्हणजे नशा होणार नाही इतका बारीक डोस नेमाने घेण्याचंही तेच, २०२१ मध्ये १९१ लोकांनी स्वतःच कॅप्सूल मिसळून, आपण काय घेतोय हे न कळता घेतल्या, तर रिकाम्या कॅप्सूलवाल्यांनाही तितकंच बरं वाटलं.

मग लोक स्टीव्ह जॉब्ज काढतात. काढा. त्याने एलएसडी घेतलं होतं आणि त्याबद्दल तो भरभरून बोलायचाही. पण १९७४ ला तो भारतात भटकला आणि परत जाऊन कोबुन चिनो नावाच्या झेन गुरूकडे वर्षानुवर्षं जात राहिला, ते कोणी पोस्टमध्ये टाकत नाही, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला लाइक येत नाहीत. आणखी एक उदाहरण माझा पार्टनर नेहमी द्यायचा, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला १९६६ चा प्रयोग, २७ लोकांना मेस्कलिन (हेही सायकेडेलिकच) देऊन कामातले प्रश्न सोडवायला बसवलं होतं, बरेच जण इंजिनियर. अरे पण ते आपले अडलेले प्रश्न घेऊन आत गेले होते, आणि बाहेर आल्यावर डिझाइन चालतं की नाही हे टेबलावर कळत होतं! तुलनेला दुसरा गटसुद्धा नव्हता, ते सोडा. "कंपनीला श्वास घेऊ द्या" हे कुठल्या टेबलावर तपासायचं?

विपश्यनेचं विचारलंय तर मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात जाऊन आलेय. तिथे फोनबरोबर कागद-पेनही जमा करतात, आणि धंदेवाल्यांसाठी तीच त्या जागेतली सगळ्यात भारी गोष्ट आहे असं मी सगळ्यांना सांगते. कोर्सच्या मधल्या दिवसांत काय एकेक आयडिया येतात म्हणून सांगू, नवीन प्रायसिंग, नवीन ॲप, आख्खा दुबईचा प्लॅन. लिहून ठेवता येत नाही, कोणाला सांगता येत नाही, रूममेटशीसुद्धा मौन. नुसतं बघत बसायचं. दोन दिवसांत त्यातल्या निम्म्या आयडिया आपल्याआपण बावळट वाटायला लागतात. डायरी हातात असती तर मीही सोमवारी मीटिंग घेतली असती.

आणि ही शिकवण बर्मातून भारतात आणणारे गोएंका स्वतः धंदेवाले होते, मंडालेचे. मायग्रेनसाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, जगभरचे डॉक्टर करून झाले, मग १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ते कोण, तर बर्माचे अकाउंटंट जनरल, सरकारी नोकरी सांभाळून ध्यान शिकवणारे. त्यांनी सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. हे मला फार आवडतं. तुमची कंपनी वाढेल, टीम बदलेल, असं काही नाही. फी पण नाही, कोर्स पूर्ण केल्यावरच दान द्यायचं. पुढे तिकडच्या लष्करी सरकारने गोएंकांचे धंदे ताब्यात घेतले, १९६९ ला ते भारतात आले, १९७६ ला इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं.

याउलट माझा पार्टनर आता फाउंडर्सना घेऊन रिट्रीट काढतो, पॅकेजमध्ये. कदाचित तुम्ही त्याचीच पोस्ट वाचली असेल. त्याचा हिस्सा मी विकत घेतला, कर्ज काढून. प्रॉडक्ट चालू आहे, एक्सपोर्टर अजूनही पैसे उशिराच देतात.

बाकी, विपश्यना करून आलेले काही लोक भयंकर बोअर करतात हेही खरं, आमच्याच सोसायटीत एक आहेत, लिफ्टमध्ये अनित्य सांगतात. आणि ती सगळ्यांना झेपते असं नाही, मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील तर फॉर्मवर खरं लिहा, लपवून गेलेल्यांना त्रास झालेला आहे. तुमची झोप उडालीय तर खरं म्हणजे आधी डॉक्टर, मग इगतपुरी. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर आयाहुआस्काच्या (पेरूकडचा सायकेडेलिक काढा) जवळही जाऊ नका, त्यातली वेल आणि एसएसआरआय, म्हणजे डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या, एकत्र आले की जिवावर बेतू शकतं. घरात कोणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तरी नको. आणि गोव्यात कोणीतरी करतं, कोडाईला मिळतं, हे तर डोक्यातूनच काढा, एलएसडी ०.१ ग्रॅम म्हणजे आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात कमर्शियल क्वांटिटी, शिक्षा किमान १० वर्षं.

तरी जायचंच असेल तर बाहेरदेशी कायद्यात बसेल तिथे जा, मला हरकत नाही, तुमचे पैसे. फक्त आधी पार्टनरला लिहून द्या की परत आल्यावर तीन महिने कंपनीचा एकही निर्णय घेणार नाही. माझा पार्टनरही तेव्हा याला हो म्हणाला असता तर आम्ही अजून एकत्र असतो.

आणि पार्टनर, तू हे वाचत असशील (वाचतोसच), तर कॉमेंटमध्ये परत मला घाबरट म्हणायच्या आधी एकदा विपश्यनेतल्या अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर गुडघा न हलवता बसून दाखव. आणि ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर करायच्या असाइनमेंट डीडवर सही करून पाठव, ॲप्लिकेशन अजून तुझ्याच नावावर आहे, काका रोज विचारतात.