ग्लोरिओसम आणलंत? आधी तो खांब काढा

तुम्ही पाठवलेला नव्या झाडाचा फोटो पाहिला. पान झकास आहे, पण शेजारी रोवलेला मॉसचा खांब (वेल चढवायला लावतात तो, शेवाळ भरलेला) काढून टाका. फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम, म्हणजे हे मखमली पानांचं शोभेचं झाड, वर चढत नाही. कोलंबियाच्या जंगलात ते पालापाचोळ्यावरून सरपटत जातं, खोड आडवंच वाढतं. त्यामुळे खोल गोल कुंडीपेक्षा लांबट, उथळ कुंडी बरी. आणि खोड पुरू नका! मुळं मातीत, खोडाची पाठ उघडी. माझं पहिलं झाड मी हळदीच्या गड्ड्यासारखं पुरलं होतं. पंधरा दिवसांत खोड मऊ पडलं आणि वास सुटला.

नुसती लाल माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), थोडा कोळसा, मूठभर गांडूळखत. ओतलेलं पाणी लगेच खालून निथळलं पाहिजे. वरचा इंचभर थर सुकला की पुन्हा पाणी.

पानांवर रोज फवारा मारायची हौस मलाही होती. दमटपणा दहा मिनिटं टिकतो, मखमली पानावर डाग मात्र कायमचे. त्यापेक्षा चार कुंड्या जवळ ठेवा किंवा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं यंत्र) लावा. ६० टक्क्यांच्या वर दमटपणा असला की झाड खूश. कोकणात पावसाळ्यात तो फुकट मिळतो. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत मात्र नव्या पानाची सुरळी अडकते. बोटांनी उलगडायला जाऊ नका, फाटेल.

एसीचा झोत आणि थेट ऊन टाळा. हे अळूच्याच कुळातलं, चीक खाजतो; छाटताना हातमोजे घाला. घरात मांजर असेल तर तिच्या तोंडी पान लागू देऊ नका.