कॉन्व्हेंट म्हणजे नक्की काय?

प्रश्न: मुलीला यंदा कॉन्व्हेंटमध्ये घातलंय. शाळेत क्लॉडिन नावाच्या बाईंचा फोटो आहे, सासूबाई विचारतात ह्या कोण, मला काही सांगताच येईना. आणि आमच्या सोसायटीत तर सगळ्याच इंग्लिश मीडियम शाळांना कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे एकही सिस्टर नसते. असं का?
– एक आई, खारघर

उत्तर: ताई, कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोक एकत्र राहतात ते घर, मठच म्हणा ना. शाळा त्याला लागूनच असायची म्हणून लोक शाळेलाच कॉन्व्हेंट म्हणायला लागले आणि हळूहळू त्याचा अर्थ इंग्लिश मीडियम आणि भारी फी एवढाच उरला. मला हे फार खटकतं, कारण सुरुवात अगदी उलटी आहे.

फोटोतल्या त्या क्लॉडिन थेवने. जन्म १७७४, फ्रान्समधलं ल्यों शहर, आपलं येवला जसं पैठणीचं तसं ते रेशमाचं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जानेवारी १७९४ मध्ये त्यांच्या दोन भावांना ठार मारलं आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, वय अवघं एकोणीस. भावांचा शेवटचा निरोप काय, तर आम्ही माफ केलंय, तूही कर. पुढे एका पाद्रींना चर्चपाशी दोन बेवारस मुली थंडीत कुडकुडताना दिसल्या, त्यांनी त्या आणून क्लॉडिनच्या हवाली केल्या, आणि काम सुरू झालं ते तिथून. मुलींना लिहायवाचायला शिकवायचं आणि सोबत रेशीम विणायलाही, म्हणजे मोठी झाल्यावर पोरगी स्वतःच्या हातावर पोट भरेल. १८१८ मध्ये त्यातूनच जीझस अँड मेरी ही सिस्टरांची संस्था उभी राहिली.

क्लॉडिन १८३७ ला गेल्या, भारत त्यांनी कधी पाहिलाच नाही. पण पाचच वर्षांनी, १८४२ मध्ये, त्यांच्या सिस्टर आग्र्याला पोचल्या आणि मुलींची शाळा काढली. विचार करा, आपल्या ठाण्याला पहिली रेल्वे आली १८५३ ला, त्याच्या अकरा वर्षं आधी, सुएझचा कालवा नव्हता तेव्हा या बायका ल्योंहून निघाल्या! १९९३ मध्ये पोपनी क्लॉडिनना संत जाहीर केलं.

सासूबाईंना त्या रेशीम विणणाऱ्या मुलींचं आधी सांगा, मग बाकीचं.